अकरा दिवस काहीच घडलं नाही

त्या दिवशी सकाळी नदीवरून धुकं वर आलं होतं. समोरच्या इमारतीची गच्चीवरची टाकी तेवढी दिसत होती, खालची इमारत गायब. ऊन यायला बघत होतं, पण त्यालाही काही घाई नव्हती. घाई मलाही कधी नसते.

मी फीड बोलतोय. बातम्यांच्या साइटवर कोपऱ्यात एक नारिंगी खूण असते बघा, एक टिंब आणि त्यावर दोन कमानी, तो मी. माझ्यापाशी चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत. नवी बातमी आली की तिचं शीर्षक माझ्या यादीत सर्वांत वर बसतं. मी कुणाच्या दारी जात नाही. ज्याला हवं त्याचा संगणक येऊन मला विचारतो, "काही नवीन?" असेल तर द्यायचं, नसेल तर तीच यादी पुन्हा दाखवायची. एवढंच माझं शिक्षण.

मला जन्म दिला इथल्या दैनिकाच्या एका उपसंपादकाने. त्याचं मनगटी घड्याळ सदा मागे पडायचं, म्हणून घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या घड्याळजींशी त्याची गट्टी. घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारे. साइटवरचे ते जाहिरातींचे नाचणारे चौकोन त्यांना सोसेनात. मग उपसंपादकाने स्वतः दुकानात बसून त्यांच्या जुन्या संगणकाची नि माझी ओळख करून दिली. तेव्हापासून तो संगणक रात्रंदिवस चालू, दर अर्ध्या तासाला मला हाक. तेरा वर्षं झाली. एके काळी मला विचारणारे शेकड्यांनी होते. सगळे मोबाइलच्या टिणटिणाटाकडे गेले, घड्याळजी तेवढे राहिले.

गेले चार महिने ते एकाच बातमीची वाट बघत होते. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद, आणि पलीकडे त्यांची थोरली बहीण. वडिलांचं लंबकाचं घड्याळ तिने दुरुस्तीला दिलेलं. लांबचा वळसा घालून तीन बस बदलत नेलं, तर वाटेतच पुन्हा बिघडायचं. "ताई, पूल उघडेल त्याच दिवशी घेऊन येतो," असा शब्द त्यांनी दिला होता. घड्याळ चादरीत गुंडाळून टेबलाखाली तयार होतं.

आणि नेमकी तेव्हाच साइट नवी झाली. उपसंपादक निवृत्त झालेला. त्याच्या जागी आलेल्या मुलीने सगळं झाडूनपुसून लखलखीत केलं. माझ्यापाशी येऊन थबकली. "रात्रंदिवस, दर अर्ध्या तासाला एकच जण विचारतोय. कुठलं तरी विसरलेलं यंत्र असणार." मला पुसून टाकलं नाही तिने, पण मला नव्या बातम्या देणं थांबवलं. घड्याळजी विचारत राहिले, मी तीच यादी दाखवत राहिलो. 'बाबा रे, ही शिळी आहे' एवढं सांगायचीसुद्धा सोय नाही मला.

घड्याळजी मात्र खूश! शेजारच्या सलूनवाल्याला म्हणाले, "अकरा दिवस झाले, गावात काही म्हणजे काही घडलं नाही. ना चोरी, ना मारामारी. माणसं सुधारली रे."

"सुधारली? परवा माझ्याच दारात दोघांनी एकमेकांची गचांडी धरली होती!"

"बातमी नाही आली, म्हणजे किरकोळ असेल."

दुसऱ्याच दिवशी, त्या धुक्याच्या सकाळी, सलूनवाला पळत आला. हातात साबणाचा ब्रश तसाच. "घड्याळजी, खुर्चीतलं गिऱ्हाईक नदीपलीकडचं आहे! आलात कसे विचारलं, तर म्हणतो चालत, पुलावरून. पूल उघडून पाच दिवस झाले!"

घड्याळजींनी भिंग काढलं. पाच दिवस. आणि ताईचा फोन नाही.

"रागावली असेल," सलूनवाला म्हणाला.

"रागावली असती तर फोन केला असता. ती वाट बघत बसलीय."

तरी मन मानेना. माझ्यावर त्यांचा भारी विश्वास. त्यांनी दैनिकात फोन लावला. "पोरी, तुमच्या फीडला दर अर्ध्या तासाला विचारतो, तो मी."

पलीकडे साइटवाली तीच मुलगी. "आजोबा, तुम्ही माणूस आहात?"

"सत्तर वर्षं तसंच समजून चाललोय."

"मला यंत्र वाटलं हो! इतकं नेमाने कोण विचारतं?"

"घड्याळं दुरुस्त करतो मी."

ती हसली, आणि ओशाळलीही. दहा मिनिटांत तिने माझी वाट मोकळी केली. एकदम अडतीस बातम्या! चोरी होती, मारामारी होती, सलूनच्या दारातलीसुद्धा. आणि मधोमध एक: पूल वाहतुकीसाठी खुला.

घड्याळजींनी लगेच बहिणीला फोन केला. "ताई, निघालोच."

"ये. घरात घड्याळ नाही, म्हणून पाच दिवस बोटांवर मोजतेय. आता हात बदलायची वेळ आली होती."

माझं मागणं मोठं नाही. बातमी ओरडून सांगणारे पुष्कळ आहेत. मी हळू सांगतो, पण विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. तेव्हा अधूनमधून विचारत जा. तुम्ही विचारलं नाही, तर मी अजून आहे हे साइटवाल्यांना कळायचं कसं?

बाहेर ऊन पडलं होतं. शेजारून गिऱ्हाईक ओरडत होतं, "अहो, अर्धी दाढी राहिली!" घड्याळजी ते गाठोडं छातीशी धरून पायरी उतरले, पुन्हा वळून माझ्या पडद्याकडे बघत राहिले. सलूनवाल्याने त्यांचा खांदा हलकेच पुलाच्या दिशेने वळवला आणि म्हणाला, "निवांत जा, घड्याळजी. तुम्ही येईपर्यंत मी विचारीन त्याला, काही नवीन आहे का म्हणून."