निकोलासाच्या कमरेवरून

मी चरबी बोलतेय. नाक कशाला मुरडता? तुमच्या अंगावर माझी भावंडं बसलीयत, तीपण ऐकतायत.

माझा मुक्काम मेक्सिकोच्या डोंगरात, रारामुरी लोकांत, निकोलासाच्या कमरेवर. सणासणाला ही मक्याची दारू प्यायली, घेवडा-भाकरी जेवली, आणि मी झाले. घागऱ्यांच्या नाड्या तोडायची मला भारी हौस! ऐन नाचात तोडते.

साखर माझी धाकटी बहीण. खाल्लेल्या मक्यातून आधी ती निघते, यकृतात नि मांड्यांत जागा धरते. जागा केवढीशी! भरली की उरलेलं सगळं माझ्याकडं. साखर मोठी उतावळी. हाक मारली की धावते आणि झटक्यात संपते. मी पडले आळशी. मला दमानं उठवावं लागतं.

आमच्याकडं बायकांची शर्यत असते. कापड गुंडाळलेलं कडं काठीनं पुढं फेकायचं, मागं पळायचं, परत फेकायचं. सूर्य डोंगरावर आल्यापासून पार कलेपर्यंत. यंदा वरच्या पठारावरनं निकोलासा, खालच्या दरीतनं रोझेंदा, निकोलासाच्या लेकीच्या वयाची. पैज घागऱ्याची. निकोलासानं आईच्या हातचा फुलाफुलांचा घागरा लावला. आई गेली, तेवढाच राहिलाय. दोन्ही घागऱ्यांना गाठ मारून दगडावर ठेवलं. जिंकेल तिचे दोन्ही.

निघताना धाकटा दीर कातारिनो ओरडला, "वहिनी, कमरेला डुक्कर बांधून पळणार का गं?"

आमच्यात दिरानं वहिनीला छेडायचंच असतं. नाही छेडलं तर लोक विचारतात, भांडलात का? एरवी निकोलासा त्याला दुप्पट सुनावते. पण त्या दिवशी रोझेंदा फिसकन हसली, आणि हिला लागलं. जी सुटली, जशी शेपटीला आग! रोझेंदा तिच्या मागं.

मी आतनं ओरडतेय, "अगं हळू! मला चप्पल तरी घालू दे!" ऐकतंय कोण. सगळा भार साखरेवर. ती बिचारी पळून पळून संपली. ऊन डोक्यावर आलं तशी निकोलासा एका पाइनच्या झाडाखाली मटकन बसली. रोझेंदा पुढं निघून गेली.

कातारिनो पळत आला. हातात भोपळ्याची वाटी, भाजक्या मक्याचं पीठ पाण्यात ढवळलेलं.

"ऊठ गं वहिनी."

"पायाचं लाकूड झालंय रे. आईचा घागरा गेला माझा."

"अजून दगडावरच आहे. पी हे. आणि आता माझ्याशी बोलत बोलत पळ. उत्तर द्यायला दम पुरला नाही, की पाय आवर."

तिनं वाटी रिकामी केली. मका पोटात गेला आणि जरा वेळानं साखरेनं एवढीशी काडी पेटवली. माझं असंय, काडी असली तर मी नीट पेटते. पण एकदा पेटले की ओंडका आहे मी!

"वहिनी, माझा दादा तुला घाबरून शेळ्यांत झोपतो म्हणे!"

"तुझ्यापेक्षा शेळ्यांना कमी वास येतो, मेल्या!"

"मग त्या डुकराला नाव काय ठेवलंस?"

"कातारिनो!"

बघे खिदळले, तीपण हसली. हसत-बोलत पळता येतंय म्हणजे धाप लागलेली नाही, आणि धाप नाही तोवर माझं राज्य! थेंब थेंब वितळले, मांड्यांना वाटत गेले. मधनंच घोटभर मका येत होता. काय मजा आली म्हणून सांगू! एवढी वर्षं नुसती बसून होते, आज बाई माझ्यावर पळत होती.

ओढ्यापाशी रोझेंदा दिसली. कडं काठीत येईना, पाय लटपटत होते. तिच्याकडंपण होती माझ्याच जातीची एक बारकी बहीण, पण घाईत तिला कुणी उठवलंच नव्हतं. निकोलासानं पुढं जाताना म्हटलं, "हळू चाल गं बाय, काहीतरी पी." आणि कडं भिरकावलं.

सूर्य कलला तेव्हा घागऱ्यांचं गाठोडं निकोलासाच्या छातीशी होतं. रडली थोडी. रोझेंदाचा घागरा मग तिनं रोझेंदालाच नेसवला.

आईचा घागरा तिनं तिथंच अंगावर चढवला. एवढी वर्षं नाडी पुरत नव्हती, आज कशीबशी पुरली. मी गेले ओंजळभरच, पण पोटपण आत ओढून धरलंय तिनं, मला ठाऊक आहे.

"वहिनी, डुक्कर कुठं गेलं?" कातारिनो विचारतोय. मक्याच्या दारूचे माठ उघडलेत, घेवडा शिजतोय, नाच सुरू होतोय.

येतेच आहे मी परत. निकोलासा, बये, गाठ जरा सैल मार. आईच्या हातची नाडी आहे, ती नाही तोडायची मला.