ज्याचा आवाज त्यानं उचलायचा

"तुझं तू उचल आधी, मग भांड," आई म्हणाली.

मी मोबाईलच्या नेटवर्कवर ओरडलो होतो आणि ते ओरडणं फ्रिजसमोर पडलं होतं. गॅसच्या सिलिंडरएवढं, काळं, वरनं अजून गरम. फ्रिजचं दार उघडेना. मी म्हणालो, रोजच पडतंय की, किती उचलू. तेही पडलं, पण लहान, स्टुलाखाली गेलं.

एप्रिलात मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या बहिणीच्या, तेजलच्या कागदावर ऑटिझम असं लिहून दिलं, त्या दिवसापासनं आमच्या घरात आवाज पडून राहतात. आधी ते विरून जायचे. त्या दिवशी परत आल्यावर आईनं कुलूप काढलं आणि त्याचा आवाज चपलांशेजारी पडला, नखाएवढा. तिनं तो चिमटीत धरून उंबऱ्याबाहेर नेला, तिथं तो विरला. मग दूधवाल्याचा हॉर्न खिडकीतनं आत आला आणि पलंगावर आडवा झाला. तो आईला हलेना, पप्पांनाही हलेना. ज्याचा त्यालाच उचलता येतो. आणि जेवढा मोठा, तेवढा लांब न्यावा लागतो, मगच विरतो.

दूधवाल्याला बोलावलं. त्यानं हॉर्न काखेत मारला आणि गेला. कोपऱ्यावर संपला म्हणाला. आमच्या मागच्या भिंतीला लागून बुगडशेठचा यंत्रमागाचा कारखाना आहे. मागांची खडखड भिंतीतनं येते आणि लोखंडी पट्ट्यांसारखी साचते. शेठ दर रविवारी हातगाडी घेऊन येतात, पट्ट्या भरतात, चहा पितात. आईनं माफी मागितली तर म्हणाले, आमचंच हाय की. इचलकरंजीत लोकांना कशाचं काही वाटत नाही. सगळे आपापलं नेतात. माझंच तेवढं राहतं.

आमची खोली अकरा फरशा लांब, नऊ रुंद. मी मोजत असतो, कारण मला बसवत नाही. नववीतनं शाळा सुटली ती त्यामुळंच. सर म्हणायचे बूड टेकव, मी म्हणायचो टेकत नाही. एक दिवस डबा घेतला आणि आलो. जूनमध्ये खोलीत चाळीस फरशा मोकळ्या होत्या. गेल्या आठवड्यात नऊ. आज सकाळी तीन.

तेजल सात वर्षांची आहे. तिचा एकही आवाज आमच्या घरात सापडलेला नाही. आई रोज केर काढायच्या आधी गुडघ्यावर बसून सगळीकडं हातानं चाचपते, पलंगाखाली, टीव्हीच्या मागं. मग झाडू लावते. बाकी कशाचं तिला काही नाही, पण ह्याचं आहे. एकदा सापडू दे म्हणते, कसला का असेना.

तेजल स्वतः त्या ढिगाऱ्यातनं मांजरासारखी फिरते, कुठं अडत नाही. पडलेल्या कशावरही गाल टेकवते आणि ते कुणाचं, कुठल्या दिवसाचं, तिला कळतं. आई विचारते, ही कुकरची शिट्टी कधीची गं. तेजल कॅलेंडरवर बोट ठेवते. एकदाही चुकली नाही. मला माझं कालचं आठवत नाही आणि ह्या एवढ्याशा पोरीला घरातला प्रत्येक आवाज पाठ. आमच्या शाळेत असलं डोकं एकाचंही नव्हतं, सरांचं धरून.

सोमवारी आणि गुरुवारी चार वाजता मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. मग त्यात नाशिकहून गौतमी मॅडम येतात. कागद हातात पडल्यावर पुढं काय करायचं, ते त्या घरच्यांना शिकवतात. मी म्हटलं होतं, मोबाईलवरनं काय डोंबल शिकवणार. पहिल्या दिवशी त्यांनी आईला मोबाईल हळूहळू खोलीभर फिरवायला सांगितला. ढीग बघून त्या दचकल्या नाहीत.

"बऱ्याच घरांत असतं," त्या म्हणाल्या. "तिचा आवाज याच्या खाली असेल. हे काळे कुणाचे?"

मॅडम थांबल्या. ही त्यांची पद्धत आहे. एकदा विचारलं की मनात दहापर्यंत मोजतात, पुन्हा विचारत नाहीत, तोंड वाकडं करत नाहीत. आमच्या शाळेत दोन म्हणायच्या आत छडी. मी नवाला म्हणालो, "माझे." ते काडेपेटीएवढं पडलं. मी खिशात घातलं.

त्यांचं बोलणंही आमच्या घरात पडतं, पण कापसाच्या पेळूसारखं, आणि ते कुणालाही उचलता येतं. तेजल ते बोटाला गुंडाळत बसते. मी सुताच्या गावात वाढलोय. असलं सूत बघितलं नव्हतं.

मॅडमनी मलाही काम दिलं. तेजलला काही विचारलं की दहा मोजायचं काम. म्हणाल्या, बसायची गरज नाही, चालत मोज. चालत मोज असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. पुढच्या खेपेला विचारलं, तूही एकदा डॉक्टरांना दाखवून बघशील का. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. ते पडलं, उशीएवढं. तेजलनं त्यावर गाल टेकवला आणि हसली. मी मनात दहा मोजले आणि ते उचलून बाहेर नेलं.

तेव्हापासनं मी बरेच नेले. एक जकात नाक्यापर्यंत गेला, एक थेट नदीपर्यंत. पण मी दोन नेतो आणि तीन पाडतो.

आज तो सिलिंडर नाक्यापलीकडं सोडून आलो तोवर चार वाजले होते. मॅडम आलेल्या. तेजल कापसाकडं बघत नव्हती. ती कपाटामागच्या सांदीत शिरली, माझ्या मनगटाला धरून मला ओढत नेलं आणि माझा हात तिथल्या सगळ्यात मोठ्या काळ्यावर ठेवला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढा आहे तो. आपल्या आवाजाला हात लावला की तो पुन्हा ऐकू येतो, हाडातनं. एप्रिलातला होता, कागद आणला त्या दिवसाचा. आई तिला काहीतरी समजावत होती आणि मी ओरडलो होतो, हिला काय कळतंय.

तेजल माझ्या तोंडाकडं बघत होती. ती ह्याच्यावर किती वेळा गाल टेकवून बसली असेल, ते मी मोजलं नाही.

"उचलशील?" मॅडम म्हणाल्या.

मी उचलला. आजूबाजूचे ढीग घसरले, दोन फरशा बुजल्या, एक उरली. तिच्यावर तेजल उभी. आई पलंगावर चढली. पप्पा दारात अंग चोरून उभे राहिले. टाकी होती तिथं खाली हरभऱ्याएवढं काहीतरी होतं, निळसर, ओलं. पप्पांनी वाकून बोट लावलं. हललं नाही. आईच्यानंही हललं नाही.

तेजलनं ते सहज उचललं.

आईनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेत, तिचं काही पडू नये म्हणून. मॅडम मोबाईलमध्ये फोटोसारख्या बसल्यात. तेजल ते आईला देत नाही. ते चिमटीत धरून चवड्यांवर उभी राहिलीय आणि हात वर करून माझ्या कानापर्यंत आणतेय. चार बोटं कमी पडतात. मला वाकायला पाहिजे, पण हे घेऊन वाकता येत नाही, आणि खाली ठेवायला तिच्या पायांखालची फरशी सोडून जागा नाही. हे कुठपर्यंत न्यावं लागेल ते मॅडमना विचारलं, तर त्यांनाही सांगता येईना. खांदा भाजतोय. तेजल तशीच उभी आहे, हात वर करून. पप्पांनी दार उघडलंय. मला आता निघायला लागतंय.