पित्रांसकट सगळं

शिवराजने पेजरची एजन्सी घेतली, तेव्हापासून त्याला नळाचं पाणी बाधू लागलं होतं. त्याची आई कुसुमताई मात्र नळाचंच प्यायच्या, आणि मुद्दाम त्याच्यासमोर प्यायच्या.

आज विद्यानगरच्या घरात सोफाभर रिसॉर्टांची गुळगुळीत पत्रकं पसरली होती. शिवराज आणि सून रेणू पोरीला स्थळ बघावं तसे त्यांवर वाकले होते. शेवटी गोव्याचं एक पसंत पडलं. मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा, की खाणं, पिणं, पोहणं, नाचणं सगळं भाड्यातच.

"दिवसभर खायला देतात, आई," रेणू म्हणाली.

रेणूला दीड पोळी जड व्हायची आणि शिवराज हुसेनसागरच्या बोटीतही दांडा धरून मधोमध बसायचा. शेजारचे अरविंद येत्या दिवाळीत गोव्याला जाणार होते, त्यांच्याआधी जाऊन यायचं, एवढीच यांना समुद्राची ओढ. कुसुमताईंना या दोघांची कीव यायची, तीही हल्ली संपत आली होती.

"एकदम समुद्रासमोरची खोली भेटली," शिवराज म्हणाला. "पितृपक्षात कोण जातंय? सारा रिसॉर्ट खाली आहे."

कुसुमताईंचे यजमान नामदेवराव जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या तिथीला कढी-वडे, गवारीची भाजी, खीर करायची आणि पहिला घास मुलाने गच्चीवर नेऊन ठेवायचा. मुलाकडून त्या एवढं एकच मागत होत्या.

"आणि बाबांची तिथी?"

"त्याची फिकर नक्को करू. तिथं व्हेजचं काउंटर अलग आहे. एक पान वाढून घेऊ, किनाऱ्यावर ठेवू. कावळे गोव्यात पण असतात. तुझं पण बुकिंग केलोय मी."

"वेगळी दगदग नाही आई," रेणूने समजूत घातली. "सगळं त्यातच आलं."

नामदेवराव हॉटेलातला चहासुद्धा उभ्याने, हॉटेलवाल्यावर उपकार केल्यासारखा प्यायचे. त्यांचं पान आता चिमट्याने वाढलं जाणार होतं. पोटचा पोर इतका हलका निघावा, याची कुसुमताईंना लाज वाटली.

"सगळं त्यातच ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मग माझंही आत्ताच सांगून ठेव. मी कुठल्याही महिन्यात मेले तरी माझी तिथी याच पंधरवड्यात येणार. दर वर्षी हीच खोली घेत जा. दोघांचं एकाच पानावर उरक."

शिवराज मान खाली घालून पत्रकाची घडी करत राहिला.

"मग आईंचं बुकिंग कॅन्सल करायचं का हो?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

त्याने पत्रकाची घडी खिशात घातली. कुसुमताईंनी त्याला बोलायला पुरेसा वेळ दिला.

"कर कॅन्सल," त्या उठत म्हणाल्या. "घास मी ठेवीन, शिवराज. तुझ्या बापाला माझा हात माहीत आहे."