सलाइनच्या आधीची नळी

"ताई, हा आजार नवऱ्याला बायकोकडूनच होतो का हो?"

खिडकीशी उभ्या बाईच्या हातातला रिपोर्ट पार चुरगळला होता. लॅबवाल्या ताईंनी तो सरळ करून वाचला. कावीळ बी, अँटिबॉडी पॉझिटिव्ह. पेशंट शिंपी. नसांच्या आजारानं महिनाभरात आधी पाय गेले, मग हात.

"सासूबाई म्हणतात, तूच दिलंस. मग माझाही तोल गेला. कुठे शेण खाऊन आलात, असं नवऱ्यालाच म्हटलं. पडल्या जागेवरून कूससुद्धा बदलता येत नाही हो त्यांना."

"डॉक्टर सांगतील," ताई सवयीनं म्हणाल्या. बाई गेली.

एकतीस वर्षं हेच. रक्त घ्यायचं, आकडा लिहायचा. त्या आकड्याचं पुढे घरात काय होतं, ते विचारायचं नाही. पाय सुजले होते, अजून चाळीस नळ्या बाकी होत्या. तरी त्यांनी त्या पेशंटचे बाकीचे रिपोर्ट काढले. ईएसआर एकशे पाच. भरती झाला तेव्हा वीस होता. एवढा एकदम?

कागदावर वॉर्डातली नोंद होती : इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन, पाच दिवस. परवाच संपलेलं.

ताईंनी ती नोंद पुन्हा वाचली. ते औषध हजारो लोकांच्या रक्तातून काढतात. त्यांच्या अँटिबॉडी याच्या रक्तात उतरणारच; ईएसआरही त्यानंच चढलेला. त्या कोणाच्या, हे मशीनला कसं कळावं?

भरतीच्या दिवशीची नळी फ्रीजरमध्ये असायला हवी होती. दोन ट्रे उपसले, बोटं बधिर झाली. सापडली. मशीनला लावली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

निगेटिव्ह.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. "अरेच्चा, माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले. "ओपीडी संपायला संध्याकाळ होईल. तुम्हीच सांगता का?"

लिफ्ट बंद होती. कठड्याला धरून ताई तीन मजले चढल्या.

"यांना कावीळ नाही. सलाइनच्या आधीच्या रक्तात काहीच नव्हतं."

"मग मशीन खोटं बोललं का?" सासूबाईंनी विचारलं.

"मशीन खरंच बोललं, आई. पण ती खूण औषधातून आलीय, परक्यांच्या रक्तातली. दोन-तीन महिन्यांत जाईल. तुमच्या सुनेचाही दोष नाही आणि मुलाचाही."

सासूबाई घडी घातलेली चादर मोडून पुन्हा घडी घालू लागल्या. शिंपी छताकडे बघत होता. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं, आणि पुसायला हात उचलत नव्हता.

बायकोनं पदरानं ते टिपलं. मग पेल्यात पाणी ओतून त्याच्या ओठांशी धरलं. त्यानं ओठ मिटलेलेच ठेवले.

तिनं पेला मागे घेतला नाही.