माठातल्या गोळ्या

रविवारी सकाळी भोसरीतल्या त्या पत्र्याच्या शेडपुढे ही झुंबड! शिफ्ट बदलून बदलून झोप उडालेली पोरं, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं. गादीवरून निद्रामहाराज गरजायचे, "डॉक्टरच्या गोळ्या माठात टाका! निद्रादेवीला सवत चालत नाही!" मग चिमूटभर अंगारा मिळायचा. आणि काय सांगू, घरी जाऊन माणसं खरंच घोरायची.

माझी आई मंजुळाबाई त्यातलीच. डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी मी हातावर ठेवली की म्हणायची, "कडू लागती गं." महाराजांची राख मात्र मिटक्या मारत खायची! "विजे, लेकरासारखी झोपवतात बघ ते मला." माझा असा जळफळाट व्हायचा! पाय मी चेपायचे आणि कौतुक त्या ढेरपोट्याचं.

मग आई मोरीत धडपडली. जीभ जड, पाय लटपटत होते. शेजारचा धनेश सर्दीची गोळी घेऊन वर अंगारा खायचा. चाकणला जाताना डुलकी लागून बाइकवरून पडला. महाराज म्हणाले, "देवीचा भार आलाय."

"भार? थांब, दाखवतेच तुला!" पुढच्या रविवारी आरती रंगात आली आणि मी गादीमागचा पडदा ओढला. मागे चेला खलबत्त्यात गोळ्या कुटत बसलेला. शेजारी तोच माठ आणि राखेचं घमेलं.

पुढेच काठी टेकून बसलेल्या रंगरावांना मी हाक मारली, "अहो रंगराव, बघा! आपल्याच झोपेच्या गोळ्या आपल्याला चारतोय हा! वर कुणाच्या बीपीच्या, कुणाच्या शुगरच्या, सगळ्यांचा एकच काला!"

महाराजांनी चपला न घालताच धूम ठोकली. आई मात्र हिरमुसली. "ते विचारायचे तरी गं, मंजुळाबाई, झोप का येईना म्हणून." मला चटका बसला. मी गोळी द्यायचे आणि रात्रपाळीसाठी कंपनीची बस गाठायचे.

दुसऱ्या दिवशी आईची सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरबाईंपुढे ओतली. त्या म्हणाल्या, "झोपेचं औषध दुसऱ्या गोळ्यांत मिसळलं की तरुणालाही भोवतं, म्हाताऱ्या शरीराला तर जास्तच. सर्दीची, दुखण्याची, झाडपाल्याची, काहीही लपवू नका." मग आईकडे वळल्या, "आजी, रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात काय येतं?" आई माझ्या वारलेल्या वडिलांबद्दल, त्यांच्या आठवणीत जागून काढलेल्या रात्रींबद्दल बोलत राहिली. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाहेर पडताच आई म्हणते, "काय गोड बाई गं!"

झालं! पुन्हा माझा जळफळाट. पण या बाईंच्या गोळीत काय आहे ते पाकिटावर छापलंय. तेव्हा बाबांनो, जळा, रुसा, भांडा. पण काहीही तोंडात टाकण्याआधी एवढं विचारा, यात आहे काय? आणि घरातल्या जागणाऱ्या माणसालाही विचारा, झोप का येईना. नाहीतर ते विचारायला कुणीतरी महाराज टपलेलाच असतो.