गुडघ्याची पुडी

सासूचे गाल वर आले तेव्हा मी सगळ्या तांड्यात मिरवलं. आतड्याचा कॅन्सर निघालेली बाई, आणि तोंड कसं भरलंय बघा! माझ्या हातचं खाते ना, असं दहाजणींना सांगून झालं. अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

यवतमाळच्या डॉक्टर मॅडमना मात्र ते गाल आवडले नाहीत. ऑपरेशनआधी सासूला, म्हणजे सुखीबाईला, दोन इंजेक्शनं द्यायची होती. रक्तातल्या लिम्फोसाइट म्हणजे शरीराचे शिपाई. कॅन्सर त्यांना गप्प बसवतो आणि हे औषध त्यांना पुन्हा लढायला उठवतं. पण सासूच्या रक्तात शिपाईच कमी. दोनदा तपासलं, दोनदा तेच.

"घरी दुसरं काही औषध घेतात का?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही," मी ठासून सांगितलं.

"शिपाई वाढले नाहीत, तर या इंजेक्शनचा भरवसा नाही."

मला रागच आला. एवढं खाऊ घालते, ते यांच्या मशीनला दिसत नाही?

तेवढ्यात रक्त घेऊन नसरीन सिस्टर गुडघा धरून उठल्या. सासूला राहवलं नाही. कमरेची भरतकामाची थैली सोडून तिनं कागदाची पुडी त्यांच्या हातात ठेवली. "घे माय, जडीबुटी हाय. दोन वर्सं झाले, रोज घेतो मी. बोरी अरबच्या बाजारातून सूनच आनते."

सिस्टरनी पुडी तशीच मॅडमच्या टेबलावर ठेवली. तपासणीत निघालं स्टेरॉइड. तेच गुडघे गप्प करत होतं, तेच गाल फुगवत होतं, आणि शिपायांना तेच झोपवत होतं. आम्हाला ती पुडी कधी औषध वाटलीच नव्हती. दर बाजाराला न चुकता आणून देणारी मी! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल," मॅडम म्हणाल्या. "याच्याच गोळ्या मोजून देते, हळूहळू कमी करू."

गोळ्या कमी झाल्या तसे गुडघे ठणकू लागले. सासू अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा शिव्या द्यायची. एका सकाळी रडत म्हणाली, "एकच पुडी आन वं, संगीता."

"याडी, मारा मले, पन आननार नाही." आमच्या बोलीत याडी म्हणजे आई.

तिनं लोटा फेकून मारला. मी तो उचलला, तेल कोमट केलं आणि तिचे गुडघे चोळत बसले. तिनं पाय मागे घेतले नाहीत.

पुढच्या तपासणीत शिपाई वाढले होते. दोन्ही इंजेक्शनं झाली, मग ऑपरेशन झालं. रिपोर्ट हातात घेऊन मॅडम स्वतः बाहेर आल्या. "कापलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सर एवढासुद्धा नाही. गाठीच्या जागी नुसत्या लिम्फोसाइट!"

मी दवाखान्यातच ओरडले. नसरीन सिस्टर मला गप्प करायला आल्या आणि स्वतःच रडायला लागल्या.

तीन महिन्यांनी सासू काठी टेकत बोरी अरबच्या बाजारात गेली, ती थेट पुडीवाल्यासमोर. गाल पार बसलेले. त्यानं लगेच विचारलं, "काय मावशी, गुडघे दुखून राह्यले?"

"दुखून राह्यले ना," ती सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुही पुडी सोडली म्हून. अन् सोडली म्हूनच जित्ती हाओ मी."

पुडीसाठी पुढे केलेले चार हात मागे गेले.