कड्यावरच्या किल्ल्यातली कोठडी

समुद्राकाठच्या त्या कड्यावरचा किल्ला मुळात जपानचा नव्हताच. स्कॉटलंडातल्या अशाच एका कड्यावर तो चारशे वर्षं उभा होता. मग एका जपानी धनिकाने तो विकत घेतला, एकेक दगड सुटा करून जहाजाने आणला आणि इथे पुन्हा रचून लोकांना बघायला खुला केला.

"तीन बाजूंना समुद्र," गाइडबाई सांगत होत्या. "शत्रूने वर्षभर वेढा घातला, तोफा डागल्या. भिंतींना काही झालं नाही. आणि पकडलेल्या शत्रूंना या कोठडीत कोंडायचे."

गाइडबाई पुढच्या दालनात गेल्या. दहा वर्षांची उत्तरा धाकट्या कबीरला घेऊन कोठडीत शिरली, तशी बाबांना गंमत सुचली. त्यांनी जाडजूड लाकडी दार लावून बाहेरून अडसर सरकवला.

"काय कैदी, काय खाणार? शिळी भाकरी?"

"पिझ्झा!" कबीर आतून ओरडला.

आणि जमीन हलली.

आधी पायाखाली गुरगुर झाली, मग वरून चुना भुरभुरला. आत मिट्ट काळोख. कबीर उत्तराला बिलगून "कोवाई, कोवाई" म्हणत रडू लागला. जपानातच वाढलेल्या कबीरला घाबरला की 'भीती वाटते' हे मराठीत सुचत नसे, जपानीतच सुचे. उत्तराने चाचपडत दार शोधलं. गेल्या वर्षी कोबे शहरात भूकंप झाल्यापासून शाळेत बाई सारखं बजावत: आधी दार उघडा. चौकट वाकली की दार अडकतं.

"बाबा, दार उघडा!"

"आतच थांबा! इथे वरून दगड पडतायत. त्या भिंतींनी तोफा सोसल्यात, कळलं?"

"तोफ बाहेरून येते, बाबा! हे खालून येतंय!"

अडसर जागचा हलला नाही. बाबांना उलटं बोललेलं खपत नसे.

"चौकट वाकेल, बाबा. मग आम्ही आतच राहू. प्लीज!"

अडसर खरखरला, अडला, पुन्हा खरखरला. दार वीतभर उघडलं, तोच दुसरा हादरा बसला. चौकट कडाडली आणि दार फरशीत रुतलं. उत्तराने कबीरला फटीतून ढकललं, मग पोट आत ओढून स्वतः अंग घुसवलं. बाबांनी तिला दंडाला धरून बाहेर खेचलं.

बाबांनी दार ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. मग ते तिथेच खाली बसले आणि दोघांना त्यांनी असं घट्ट धरलं, की थरथरतेय ती जमीन की बाबांचे हात, हे उत्तराला कळेना.